उरलेली चार वीत जमीन

नाना, तुमच्या निधनाची बातमी मीच लिहिली. अकरा ओळी झाल्या. वय, नोकरी, अंत्ययात्रेची वेळ आणि शेवटी रिवाजाप्रमाणे ‘त्यांच्या पश्चात’ने सुरू होणारं वाक्य. त्या वाक्यात माणसं मोजतात, दुसरं काही छापत नाहीत. तुमच्या पश्चात केळीची बाग आणि बांध यांच्यामध्ये चार वीत रुंदीची एक पट्टी राहिली आहे. तिच्यात तुम्ही कधी काही पेरलं नाही. तिचं काय होणार हे गेल्या रविवारी ठरलं. ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि माझी एक बातमी दुरुस्त करायची आहे.

आठ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा तुमच्या शेतावर आलो तो संशय घेऊनच. सावद्याच्या वरच्या अंगाला एक निवृत्त मास्तर दर रविवारी पोरापोरींना शेतात नेऊन शिकवतो आणि काही घेत नाही, असं कळलं होतं. काही न घेणारा माणूस दिसला की तो काय घेतो ते शोधायचं, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं जातं. तुम्ही एका खड्ड्यात कमरेपर्यंत उभे होतात. काठावर वीसेक पोरं-पोरी उकिडवी बसून खड्ड्याच्या भिंतीतले मातीचे थर बोटांनी चाचपत होती. वही कुणाकडेच नव्हती. पहिले तीन महिने वही आणायची नाही, असा तुमचा नियम असल्याचं मागाहून कळलं.

“यातून तुम्हाला काय मिळतं?” मी विचारलं.

“उन्हात उभं राहायले मिळतं,” तुम्ही खड्ड्यातूनच म्हणालात. “घरी बसलो तं बायको भाजी निवडायले लावते.”

पोरं हसली. मी ते वाक्य टिपून घेतलं आणि पुढे कंसात लिहिलं, उत्तर टाळले.

निघताना तुम्ही माझ्या पायांकडे बोट दाखवलंत. “पत्रकार, बूट.” हातात खुरपं दिलंत. माझ्यासमोर सगळा वर्ग रांगेने बांधावर बसला होता आणि पायाची, चपलांची, फावड्यांची माती खरवडून त्याच शेतात टाकत होता. “दुसऱ्याच्या वावरातली माती घरी न्यायची नाही,” तुम्ही सांगितलंत. मला तो देखावा वाटला. फोटोसाठी बसवलेला कार्यक्रम कसा असतो ते मी खूप पाहिलं आहे. पुढच्या रविवारी मी न सांगता, कॅमेरा न घेता आलो. पोरं तशीच बसली होती. तेव्हा मला वाटलं, सवय चांगली लावली आहे, पण कशासाठी?

असा मी येत राहिलो. तुम्ही मला कधी बोलावलं नाहीत आणि कधी हाकललं नाहीत. एका पावसाळ्यात पाच-सहा दिवसांनी ऊन पडलं होतं. तुम्ही माझ्या मुठीत काळी माती दिलीत आणि म्हणालात, “दाबा. आता कमरेएवढ्या उंचीवरून सोडा.” माझा गोळा जमिनीवर शेणाच्या पोसारखा चपटा झाला. पाच पावलांवर, जिथे पोरांनी केळीच्या खोडांचं खत घातलं होतं, तिथल्या मातीचा गोळा पडला आणि फुटला. “याले वाफसा म्हणता,” तुम्ही पोरांना सांगितलंत. “इथं आज औत चालंल. तिथं दोन दिवस थांबायचं. ओल्यात घातलं तं ढेकळं व्हतीन, साल जाईल.” मग माझ्याकडे वळून म्हणालात, “तुमचं बरं हाय. कच्चं असलं तरी छापून मोकळे.”

मला राग आला नाही. गोळ्यातला फरक माझ्या हाताला कळला होता. शेतकऱ्याचा नातू असून तोवर कळला नव्हता. त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मनात तेव्हाही ती पट्टी होती.

ती मला दुसऱ्या वर्षीच दिसली होती. रावेर-यावलच्या पट्ट्यात माणसं केळीचं एक खोड जास्त बसावं म्हणून घराची ओसरी आखूड करतात. आणि तुमच्या बागेच्या वरच्या टोकाला बांधाला लागून एक लांबलचक पट्टी मोकळी. गवत वाढलेलं, ठिबकची नळीही तिथपर्यंत नेलेली नाही. मी कारण विचारलं की तुम्ही वाळ्याच्या गवताविषयी बोलू लागायचा. दोनदा विचारलं, दोनदा वाळा. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. पट्टी पायांनी मोजली. पुढच्या वर्षी पुन्हा मोजली, तर ती कमी भरली. मला वाटलं माझं पाऊल लांब पडलं असेल. तरी लिहून ठेवलं.

वाचणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे दोन शेतांमधला बांध ही भांडणाची जुनी जागा आहे. नांगरताना माणूस आपल्या अंगाने बांधाला खेटून एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त धरतो. बांध आपल्या बाजूने वीतभर कोरला जातो, मग त्याची माती शेजाऱ्याकडे ढकलली जाते. एका वर्षात कुणाला दिसत नाही. पंधरा वर्षांत बांध शेजाऱ्याच्या शेतात जाऊन उभा राहतो. याला बांध कोरणं म्हणतात, आणि ज्याचा कोरला गेला तो मरेपर्यंत ते विसरत नाही.

तीन वर्षांपूर्वी मला फोन आला. कोणाचा ते तेव्हा सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. “तुमचे नाना पोरायकडून बांध कोरून घेता. आखाजीच्या आधल्या रविवारी जाऊन पाहा.” आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. मी गेलो. नेहमीच्या फाटकाने नाही, पूर्वेच्या गाडरस्त्याने, निंबाच्या झाडापर्यंत. बांधाचं एक टोक तिथे येतं. त्या वर्षी तुमच्या त्या तुकड्यातली केळी निघून गेली होती, दोन्ही अंगांना नुसती काळी जमीन. तुमची पोरं एका अंगाला उभी राहून कुदळींनी बांध कापत होती आणि माती घमेल्यांनी पलीकडे टाकत होती. तुम्ही काठी टेकून उभे होतात. मी फोटो काढले आणि तुम्हाला न भेटता परत गेलो.

बातमी चार इंचांची होती. मथळा: ‘प्रशिक्षणाच्या नावाखाली बांध कोरण्याचे धडे?’ तुमचं नाव नव्हतं, गावाचंही नव्हतं. पण फोटो होता, आणि सावद्यापासून फैजपूरपर्यंत तो बांध कुणाचा हे कुणाला सांगावं लागलं नाही. पुढच्या रविवारी निम्मी पोरं आली नाहीत. आईबापांनी पाठवलीच नाहीत.

मी आलो, तुमचा खुलासा घ्यायला. तुम्ही अंक मांडीवर घेऊन बसला होतात.

“फोटो कुठून काढला?”

“निंबाखालून.”

“चांगला आला. डोंगर दिसून राह्यला.”

“नाना, बातमी चूक असेल तर सांगा. उद्याच्या अंकात छापतो.”

तुम्ही त्या मथळ्यावर बोट ठेवलंत. “हे प्रश्नचिन्ह काहून देलं? तुमाले माहीत नाही म्हणून, का अंगावर येऊ नाही म्हणून?”

मी म्हणालो, ती पद्धत आहे. तुम्ही म्हणालात, “हां. पद्धत हाय.” आणि चहा सांगितलात. खुलासा दिला नाहीत. माझ्या अनुभवात खोटं ठरलेला माणूस ओरडतो, वकिलाचं नाव घेतो, संपादकाला फोन करतो. तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत, म्हणून बातमी खरी आहे असं मी धरून चाललो. चहाही घेतला.

त्यानंतरही मी येत होतो हे आज मला विचित्र वाटतं. पोरं हळूहळू परतली. चोपड्याकडच्या डोंगराच्या पायथ्याची रूपाली तर गेलीच नव्हती. ती इथे मावशीकडे राहून कॉलेज करायची आणि कुणालाही काहीही विचारायची. आपण दोघं प्रश्नचिन्हावर वाद घालत राहिलो. तुम्ही म्हणायचात, विचारायचं असेल तर माणसाच्या तोंडावर विचारावं, छापून काय विचारायचं. मी म्हणायचो, तोंडावर विचारलं तर तुम्ही वाळ्याविषयी बोलता. तुम्ही हसायचात. तुमच्या हसण्याचाही मला संशय यायचा.

शेवटची भेट तुमच्या ओट्यावर झाली. श्वास लागत होता. “आखाजीच्या रविवारी येशील ना?” तुम्ही विचारलंत. मला अहो-जाहो करणं तुम्ही तेव्हा पहिल्यांदा सोडलंत. “काम काय आहे?” मी विचारलं. “बूट जुने घाल,” एवढंच म्हणालात. मी त्यातही काही डाव असेल का हे घरी जाईपर्यंत शोधत होतो. आखाजी तुम्ही पाहिली नाहीत.

तुमच्या तेराव्याला मंडपात भाषणं झाली. भूमिपुत्र, ऋषितुल्य, मातीचा माणूस. ही विशेषणं आमच्या कचेरीतूनच गावोगाव जातात, त्यामुळे मी मागे उभा राहिलो. तुमचा मुलगा प्रमोद पाहुण्यांना सांगत होता की वर्ग आता पुरे झाला, आणि वरची पट्टी यंदा मृगबागेत, जूनच्या केळी लागवडीत, घालतो, ठिबक वाढवून घेतलं आहे. तेवढ्यात रूपाली माझ्याजवळ आली.

“साहेब, तुमले एक सांगू का? हाऊ बांध सरकी राहिना.”

मी म्हणालो, “बांध सरकतो आहे, ते मी तीन वर्षांपूर्वीच छापलं आहे.”

“तुम्ही उलटं छापं,” ती म्हणाली.

तिने मोबाइलवर माझीच बातमी काढली, कापून ठेवलेली, फोटो काढलेली. “पोरं कोना वावरमा उभी शेत? मांगे काय दिसस?”

पोरं कुणाच्या शेतात उभी आहेत, ते मी पहिल्यांदाच बघितलं. पोरांच्या मागे सातपुडा दिसत होता. निंबाखाली पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की सातपुडा उजव्या हाताला येतो. पोरं उजव्या अंगाला, डोंगराच्या बाजूला उभी होती. म्हणजे वरच्या शेतात. वरचं शेत शेजारच्या सुमनअक्कांचं, खालचं तुमचं. पोरं तुमची, म्हणून शेतही तुमचंच, असं मी गृहीत धरलं होतं. ती अक्कांच्या अंगाने बांध कापत होती आणि माती तुमच्या अंगाला टाकत होती. बांध तुमच्या शेतात शिरत होता. अक्कांचं शेत वाढत होतं. मी चोरीची बातमी लिहिली आणि तिच्यासोबत ती चोरी नसल्याचा पुरावा छापला, तीन कॉलम रुंद. डोंगर दिसून राह्यला, असं तुम्ही म्हणाला होतात. मी तो टोमणा समजलो.

रूपालीने चार वर्षं एका दोरीला गाठी मारल्या होत्या, निंबापासून बांधापर्यंत. दर वर्षी एक वीत. तिने तुम्हाला विचारलंही होतं. तुम्ही तिला म्हणाला होतात, “गाठी मारत राहाय. कोनाले दाखवू नको.”

त्याच दुपारी मी अक्कांकडे गेलो. शेजारी माणूस, बांधाचा दुसरा धनी. बातमी लिहिण्याआधी जिला विचारायला हवं होतं तिला मी तीन वर्षं उशिरा विचारत होतो. त्या सुपात हरभरा पाखडत बसल्या होत्या. मी विषय काढला तेव्हा सूप थांबलं नाही.

“त्याच्या बापानं कोरला व्हता,” त्या म्हणाल्या. “दरसाल एक तास. माझा सासरा भांडला, मंग थकला. नाना तवा पोरगा व्हता. औतापुढं बैलं तोच धरे.”

“आणि आता?”

“आता दहा सालं झाली. एका रविवारी पोरं घेऊन आला. माझ्याकडं पाह्यलं नाही. पोराईले म्हने, वरच्या अंगाले गाळ साचते, तो काढून खालच्या अंगाले भरा, बांध पक्का व्हते. पोरं लागली खोदायले.”

“तुम्ही काही बोलला नाहीत?”

“बोलली असती तं थांबला असता.”

मग त्यांनी सूप खाली ठेवलं. “तुझा पेपर आला तवा गावातले चार जन माझ्याकडं आले. म्हने, अक्का, फिर्याद दे. मी म्हटलं, मले दिसत नाही, वय झालं. आता चार वीत राहिली हाय. खाली दगड हाय हद्दीचा. सासऱ्यानं दाखवला व्हता मले.”

नाना, मी हे दोन दिवस सगळ्या बाजूंनी तपासलं. गाळ वरच्या अंगालाच साचतो का? साचतो. तो काढून खालच्या अंगाला भरणं योग्य काम आहे का? आहे, शेतीची पदवी असलेल्या एकाला न सांगता विचारून घेतलं. तुम्ही पोरांना खोटं शिकवलं नाहीत. पण खरंही सांगितलं नाहीत. तुमच्या बापाने केलेली गोष्ट उलटी करायला तुम्ही लोकांची पोरं वापरलीत. त्यांच्या हातांना माहीत नव्हतं ती कशाचं काम करताहेत. माझी बातमी आली तेव्हा निम्म्या पोरांची घरी बोलणी खाऊन झाली, आणि एका वाक्यात ते थांबवता आलं असतं. ते वाक्य बोललात तर बापाचं नाव निघणार होतं, म्हणून तुम्ही चहा सांगितलात. याचा जाब मला तुमच्याकडे मागायचा होता. तुम्ही तो प्रश्न ऐकायला थांबला नाहीत.

गेल्या रविवारी सकाळी सहाला मी पोहोचलो, फाटकाने. वर्ग बंद झाला असं सांगूनही सगळी पोरं आली होती. आदल्या संध्याकाळी त्यांनी वरून पाणी सोडून बांध भिजवला होता, तुम्ही करायचात तसा. प्रमोद पट्टीत उभा होता, हातात ठिबकच्या नळीचं वेटोळं.

“काय हाय हे?” त्याने मला विचारलं. “पुन्हा बातमी?”

मी उत्तर द्यायच्या आत अक्का आल्या. रूपालीचा खांदा धरून पट्टीच्या पार खालच्या कडेला गेल्या, तुमच्या केळीच्या पहिल्या ओळीपाशी, आणि काठीने जागा दाखवली. पोरांनी तिथे खणलं. कोपरभर खोलीवर दगड लागला. काळा, चौकोनी घडलेला, माथ्यावर छिन्नीची फुली. प्रमोद वाकून बघत राहिला. त्याला ठाऊक नव्हतं असं त्याचा चेहरा सांगत होता. चेहऱ्यांवर माझा विश्वास नाही, पण त्याने वेटोळं खाली ठेवलं हे मी पाहिलं.

“आजोबांनी?” त्याने विचारलं.

“हां,” अक्का म्हणाल्या.

मग प्रमोद खाकरला. “अक्का, आजच सरकवून टाकू. एवढी पोरं हाय. दुपारपर्यंत दगडाले लावून देऊ बांध. विषय संपला.”

मला ते पटलं. हिशेब सरळ होता. अक्कांचं वय बघता वर्षाला एक वीत म्हणजे जुगार होता, आणि माणूस ओशाळलेला असतो तोवरच त्याच्याकडून काम करून घ्यावं, हेही मला माहीत आहे. मी तसं अक्कांना हळूच म्हटलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “एकच वीत. नाना करे तशी.”

“पण अक्का, चार वर्षं लागतील.”

“लागू दे.” त्यांनी काठीने पोरांकडे दाखवलं. “आज सगळं देऊन टाकलं तं पुढच्या साली हे कशाले येतीन? चार सालं हे पोरं इथं येतीन, हा रविवार चालंल. मले वावर पुरे हाय. सांग त्याले.”

प्रमोद माझ्याकडे बघत होता, जणू मी मधला माणूस आहे. त्यालाही ऐकू आलं होतं. थोड्या वेळाने त्याने एका पोराच्या हातातली कुदळ घेतली आणि बांध ओलांडून वरच्या अंगाला गेला.

नाना, तेव्हापासून मला एक नवा संशय आहे. दहा वर्षांपूर्वी तुम्हीही ते दोन दिवसांत उरकू शकला असतात. एक ट्रॅक्टर पुरला असता. तुम्ही दर साल एक वीत का ठरवलंत? बापाचा गुन्हा त्याच मापाने फेडायचा म्हणून, लाजेने, की रविवार चालू राहावा म्हणून? अक्कांनी तुमचा डाव ओळखला, की स्वतःचा रचला? मला यातलं एकही छापता येणार नाही. दुजोरा द्यायला तुम्ही नाही, आणि अक्कांना विचारलं तर त्या सूप हातात घेतात.

छापता येईल ते एवढंच. तीन वर्षांपूर्वीच्या बातमीत बांध कोरला जात असल्याचं म्हटलं होतं. तो ज्या बाजूने कापला जात होता ती बाजू बातमीदाराने पाहिली नव्हती. तो बांध शेजारणीला तिची जमीन परत देत होता. मथळा प्रश्नचिन्हासह मागे घेत आहे.

त्या दिवशी मीही घमेली उचलली. नऊ वाजता ऊन तापलं आणि काम थांबलं. वीतभर बांध खाली सरकला होता, वर वाळ्याचे ठोंब लावून झाले होते. सगळे रांगेने बसले आणि पाय खरवडू लागले. मी फाटकाकडे निघालो होतो.

“साहेब, बूट,” रूपालीने मागून हाक दिली आणि खुरपं पुढे केलं.

माझ्या बुटांपासून गुडघ्यापर्यंत चिखल होता. सकाळभर मी दोन्ही अंगांना फिरलो होतो. खुरपं हातात घेऊन मी बांधावर उभा राहिलो आणि विचारलं, “कुठल्या बाजूला टाकू?”

पोरं हसली. मी मात्र उत्तराची वाट पाहत थांबलो.